ईकोची देखभाल: सीटखाली आणि गाडीखाली काय बघायचं

१९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ऑम्नी, २०१९ ला बंद झाली. तिचं काम आता मारुतीचीच ईको व्हॅन करते. घरची सात माणसं घेऊन देवदर्शनाला जायचं असो, लग्नाचं सामान आणायचं असो की पोरांना शाळेत सोडायचं असो, ही गाडी कशालाच नाही म्हणत नाही. देखभाल मात्र बहुतेक घरी एखाद्या छोट्या कारसारखी केली जाते आणि चुकतं ते तिथेच.

ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि ताकद जाते मागच्या चाकांना. इंजिन सीटखाली असल्यामुळे बॉनेट उघडून सहज नजर टाकण्याची सवय इथे लागत नाही. तेल कमी झालं, होज म्हणजे रबरी पाइप पाझरू लागला, तरी महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि ती दोन्ही चाकांत वाटणारं मागच्या ॲक्सलवरचं वेगळं डिफरन्शिअल हे भाग पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या कारमध्ये नसतात, त्यामुळे घाईच्या सर्विसमध्ये ते बघायचे राहतात. म्हणून महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, सीट उचलून बॅटरीच्या प्रकाशात दहा मिनिटं बघा. त्याच दिवशी गाडीखालीही वाकून बघा.

आधी इंजिन कोणतं ते ओळखा

आरसी बुकावर इंजिनाची क्षमता लिहिलेली असते. ११९६ सीसी असेल तर ते जुनं इंजिन. २०२२ च्या अखेरीस ११९७ सीसीचं नवं के-सिरीज इंजिन आलं. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारा टायमिंग बेल्ट, म्हणजे रबरी पट्टा, जुन्यात आहे; नव्यात त्याच कामाला टायमिंग चेन आहे. तेलाचा ग्रेड, प्लग आणि फिल्टर घेतानाही हा फरक लक्षात ठेवावा लागतो. दुकानात नुसतं ‘ईकोचा फिल्टर द्या’ म्हणू नका. गाडीचं वर्ष, इंजिनाची सीसी आणि गाडी सीएनजी आहे का, या तिन्ही गोष्टी सांगा.

जुन्या इंजिनाची सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याचं बिल मिळत नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. लाख किलोमीटरपर्यंत वाट बघायची ती पहिल्या दिवसापासूनचा हिशेब हातात असेल तरच. रबर किलोमीटरनेही झिजतं आणि वयानेही कडक होतं. कव्हर उघडून पट्ट्याच्या पाठीवर बारीक चिरा, दातांच्या मुळाशी फाटलेला धागा किंवा तेलाचा ओलावा दिसला तर त्याच दिवशी बदला. पट्टा तुटला की इंजिन जागच्या जागी बंद पडतं, मग तुम्ही घाटात असा नाहीतर हायवेच्या मधल्या लेनमध्ये. एकदा उघडलंच आहे तर पट्टा ताणून धरणारा टेन्शनर नवा टाका आणि वॉटर पंप व पुढचं ऑइल सील तपासून घ्या. यांतलं काहीही सहा महिन्यांनी गेलं तर हीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

इंजिन ऑइल

मारुतीचं वेळापत्रक १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. पण रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, शाळेबाहेर चालू ठेवलेलं इंजिन, सात माणसं भरून घाट चढणं, असा वापर असेल तर ७,००० च्या आसपास तेल बदललेलं बरं. छोट्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे तेलात मिसळलेली वाफ आणि इंधन उडून जात नाही. सीएनजीच्या गाडीत तेल काळं पडायला वेळ लागतो. म्हणून ते चांगलं आहे असं नाही. रंग बघून मुदत वाढवू नका. जुन्या इंजिनाला साधारणपणे ५डब्ल्यू-३० वापरतात. नव्यासाठी त्याहून पातळ तेल सांगितलेलं असू शकतं, तेव्हा मॅन्युअलमधला आकडा बघूनच डबा घ्या.

काम करताना इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. कोमट तेल पूर्ण निथळतं, उकळतं तेल हात भाजतं. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना ठोकळे. गाडी उचलावी लागली तर जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. वरची टोपी काढून ठेवा, मग रिंग पान्याने ड्रेन नट सैल करा. शेवटचे आटे हाताने सोडवताना नट वरच्या बाजूला दाबून धरा आणि पटकन बाजूला घ्या, म्हणजे तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत नाही.

आता फिल्टर. जुना फिल्टर हातात आला की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का, हे बघा. कधीकधी ती इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवी रिंग बसली की दोन रिंगांमधून तेलाची धार लागते आणि काही मिनिटांत इंजिन कोरडं पडतं. इंजिनाची बैठक फडक्याने पुसा, बोट फिरवून खात्री करा. नव्या रिंगला बोटभर नवं तेल चोपडा. फिल्टर हाताने फिरवत न्या. रिंग बैठकीला टेकली की पुढे फक्त पाऊण फेरा. पान्याने आवळू नका. ड्रेन नटचा वायसर दर वेळी नवा. दहा-वीस रुपयांच्या या चकतीसाठी नट जोरात आवळला जातो आणि तेलाच्या चेंबरचे आटे जातात.

आधी ३ लिटर भरा आणि डिपस्टिक बघा. मग थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. इंजिन चालू करून तेलाचा लाल दिवा विझतो का बघा, एक-दोन मिनिटं चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. फिल्टर भरल्यामुळे पातळी खाली आलेली असते. दोन खुणांमध्ये साधारण लिटरभराचं अंतर असतं, त्यामुळे ‘जरा जास्त असलेलं बरं’ म्हणून ओतू नका. जादा तेल क्रँकच्या फटक्याने फेसाळतं आणि फेस बेअरिंगला वंगण देत नाही. काढलेलं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजमार्फत तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या. गटारात किंवा वाळवी मारायला झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही, विहिरी-बोअरचं पाणी त्यानेच खराब होतं.

कूलंट

रेडिएटर गाडीच्या नाकाशी, इंजिन मागे सीटखाली. मधले पाइप लांब असल्यामुळे कूलंट बदलल्यावर आत हवा अडकायला भरपूर वाव असतो. हवा अडकली की काटा अचानक वर चढतो, तरी टाकी भरलेली दिसते. म्हणून कूलंट सावकाश ओतायचं, हीटर असेल तर त्याचं बटण गरमवर ठेवायचं, रेडिएटरची टोपी उघडी ठेवून इंजिन मंद चालू द्यायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं घालत राहायचं. फॅन एकदा चालू होऊन बंद झाला की टोपी लावायची. गाडी थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा, बहुतेक वेळा थोडं घालावं लागतं. तापलेल्या गाडीची टोपी मात्र कधीही उघडू नका.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. आपल्याकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात इतके क्षार असतात की किटलीत पांढरा थर धरतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. कूलंट तयार मिश्रणाचं घ्या, किंवा डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा. सीटजवळ गोडसर वास येऊ लागला किंवा पायाशी नेहमीपेक्षा गरम वाटलं, तर होजच्या टोकाच्या क्लिपा बघा. क्लिपेजवळ हिरवट किंवा गुलाबी पावडर जमली असेल तर पाझर तिथेच आहे.

प्लग, एअर फिल्टर, सीएनजी

प्लग थंड इंजिनावरच काढा. आधी खोबणीतली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग हाताने सुरू करायचा. दोन-तीन आटे हाताने गेले नाहीत तर तिरका बसतोय. काढून पुन्हा लावा. एनजीके किंवा बॉशचा, मॅन्युअलमधल्या नंबराचाच घ्या. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर चढाला झटके देतो. असे झटके आले की आधी प्लग, मग कॉइल, शेवटी गॅस किट, या क्रमाने बघा. उलटा क्रम खिशाला महागात जातो. खोबणीत तेल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हराची सीलं गेली आहेत.

एअर फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ करा. कच्च्या रस्त्यावर, वीटभट्टीच्या किंवा ऊसवाहतुकीच्या पट्ट्यात गाडी फिरत असेल तर २०,००० किलोमीटरच्या आत नवाच टाका.

सीएनजी गाडीत एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं, ती म्हणजे टॅपेट, व्हॉल्व्हला दाबून उघडणारा भाग. गॅस कोरडा असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक लवकर झिजते आणि टॅपेटची फट कमी कमी होत जाते. फट वाढली की टकटक येते, कमी झाली की इंजिन उलट शांत वाटतं. ही शांतता फसवी असते. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागणं, न्यूट्रलला थरथरणं आणि गॅसवर ताकद कमी होणं ही त्याची खूण. तेवढ्यावर फट मोजून घेतली तर काम थोडक्यात निभावतं, नाहीतर व्हॉल्व्ह जळून हेड उतरवावं लागतं.

रोज काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकीत पाव टाकी तरी पेट्रोल ठेवा. पेट्रोल पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी, तारीख सिलिंडरच्या प्लेटवर बघा. गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडा, माणसं उतरवा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. आतलं एकही बटण दाबू नका. सांध्यावर साबणाचं पाणी लावून गळती शोधता येते, पण सांधा आवळायचं काम सीएनजीच्या जाणकारानेच करायचं. तिथे २०० बारपर्यंतचा दाब असतो.

गाडीखाली: शाफ्ट, क्रॉस, हौसिंग

ईकोला लक्ष हवं असतं ते इथे. पहिला गिअर सोडून रिव्हर्स टाकला की खालून ‘टक्’ आवाज येतो? ठरावीक वेगाला जमिनीत बारीक थरथर जाणवते आणि वेग बदलला की जाते? क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा, बघायची वेळ झाली. गाडी सपाट जागी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळा, मग वर-खाली ढकला. पिळताना डिफरन्शिअलच्या दातांमुळे थोडी हालचाल होतेच, ती चालते. पण क्रॉसच्या कपातच हालचाल दिसली, वर-खाली खेळ आला, किंवा कपाभोवती तांबूस गंजाची पूड दिसली, तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्या आहेत. ग्रीसचं निपल असेल तर दर सर्विसला ग्रीस भरा. निपल नसलेला क्रॉस बिघडल्यावर बदलायचाच असतो.

शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जिथे बोल्टने जोडलेला असतो त्या चकतीवर, आणि शाफ्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा आणि चढवताना ती जुळवा. शाफ्टचा तोल फ्लँजसकट जमलेला असतो. अर्धा फेरा चुकला तर नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते आणि दोष क्रॉसला दिला जातो. एका टोकाचा क्रॉस गेला असेल तर दुसऱ्या टोकाचाही बदला. कप ठोकताना एखादी सुई आडवी पडते आणि कप अडवून धरणारी सर्क्लिप बसत नाही. तेव्हा हातोडीचा जोर वाढवू नका; कप काढा आणि सुया ग्रीसमध्ये पुन्हा उभ्या चिकटवा.

डिफरन्शिअलचं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हौसिंगचं, तेल बदलताना आधी वरचा भरायचा नट उघडा, मग खालचा. खालचा आधी काढून तेल सांडून टाकलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवर अडकते. इथे ८०डब्ल्यू-९० जीएल-५ तेल लागतं. वरच्या भोकाच्या कडेतून बाहेर येऊ लागेपर्यंत भरायचं, वेगळं मोजायची गरज नाही. गिअरबॉक्सला मात्र हेच तेल घालू नका. जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना खातात आणि गिअर पडताना करकर येऊ लागते. तिथे जीएल-४ घ्या. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी गेली असेल तर दोन्हीकडचं तेल बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ते त्याच आठवड्यात बदला.

हौसिंगच्या वर टोपीसारखा छोटा ब्रीदर असतो. तो मातीने बुजला की आतला दाब वाट शोधतो आणि तापलेलं तेल ॲक्सलच्या सीलमधून मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. मग मागचा एक ब्रेक लागेनासा होतो, गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते, आणि ड्रमला घासणारे लायनर बदलून दोन महिन्यांत तक्रार परत येते. नवे लायनर टाकण्याआधी ब्रीदर साफ झाला का, हे विचारा.

ब्रेक

मागचा ड्रम निघत नसेल तर कडेने हातोडी मारू नका. हँडब्रेक पूर्ण सोडा. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळा, ड्रम आपोआप सुटून येतो. आतली धूळ फुंकू नका, पाणी मारून ओली करून पुसा, ती फुप्फुसाला घातक असते. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड बोटाने उचलून आत ओलं आहे का बघा. पातळ आणि रंग सोलणारा द्रव म्हणजे ब्रेक ऑइल, तेव्हा सिलिंडर गेला. घट्ट, गंधकासारखा वास असलेला म्हणजे हौसिंगचं तेल, तेव्हा ॲक्सलचं सील. तेलाने माखलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावायचे नाहीत. तेल मुरलेलं असतं, तापल्यावर पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदला.

पुढच्या पॅडचा मसाला ३ मिमीवर आला की बदला. ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी. ते हवेतला ओलावा पितं, कोकणात तर लवकरच. मग घाटउतारावर तापून आत वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. डबीच्या झाकणावर लिहिलेलाच डॉट नंबर वापरा.

सरकता दरवाजा

दरवाजा जड झाला की लोक ट्रॅकमध्ये ग्रीस भरतात. त्यात धूळ मिसळून वाळूच्या कागदासारखी लगदी होते आणि रोलर आणखी लवकर झिजतात. तिन्ही ट्रॅक ब्रश आणि केरोसिनच्या फडक्याने साफ करा, कोरडे होऊ द्या आणि फक्त सिलिकॉन स्प्रे मारा. तरीही दरवाजा मागच्या बाजूला खाली बसत असेल तर मधला रोलर बघा. लहान मुलं हा दरवाजा पूर्ण ताकदीने आपटतात, कारण तो जड असतो. हलका झाला की आपटणंही थांबतं आणि बोटंही वाचतात.

पार्ट घेताना

पुण्यात नाना पेठेत, तसंच प्रत्येक जिल्ह्याच्या गावी, ईकोचा जवळजवळ प्रत्येक भाग मिळतो, त्यात नकलीही मिळतो. जुना पार्ट सोबत न्या. मारुतीच्या खोक्यावर पार्ट नंबर, एमआरपी आणि होलोग्राम असतो. छपाई पुसट, कडा खडबडीत किंवा खोकं आधी उघडलेलं असेल तर परत करा. ऑइल फिल्टर, टायमिंग बेल्ट, ब्रेक आणि क्रॉस यांत पैसे वाचवू नका. नकली ऑइल फिल्टरच्या आतला कागद विरघळतो, हे बाहेरून कधीच दिसत नाही. वायपर, बल्ब, बॅटरी, हॉर्न मात्र चांगल्या कंपनीचे बाहेरून घेतले तर काही बिघडत नाही. बिल घ्या आणि गाडीच्या वहीत किलोमीटरसकट चिकटवा. टायर बाजूवर छापलेल्या मापाचेच घ्या. एका ॲक्सलवर दोन वेगळ्या प्रकारचे नकोत, आणि हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, भरलेल्या गाडीचा आकडा बघून. चाक काढून लावल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि १०० किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा एकदा तपासा.